उको की काफायाते: आठवडा एकच असेल तर

अर्जेंटिनाला निघालेल्या लोकांकडून हा प्रश्न मला वर्षभरात तिसऱ्यांदा आला. ब्युनोस आयर्स उरकल्यावर हातात पाच-सहा दिवस उरतात, रेड वाइनची आवड आहे, तर मेंदोसाजवळचं उको खोरं गाठायचं की वर उत्तरेला, साल्ता प्रांतातलं काफायाते? मेंदोसा काय, साल्ता काय, विमानाने साधारण दोन तास. दोन्ही ठिकाणं अँडीजच्या पर्जन्यछायेतली, वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पावसाची. मी दोन्ही एकाच दौऱ्यात केली, आधी उको आणि मग काफायाते. दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत मी जरा निवांत झालो होतो, तेवढं माझ्या मतातून वजा करा.

आणखी एक कबुली. आमचं घर निफाडकडचं, द्राक्षबागवाल्यांचं. त्यामुळे कुठल्याही बोदेगात, म्हणजे वायनरीत, शिरलो की माझं लक्ष आधी ग्लासाकडे जात नाही, वेलीच्या बुडाशी जातं. आणि या दोन्ही खोऱ्यांत बुडाशी बघून हेवाच वाटतो. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आला की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने घरातला माणूस रात्री उठून आभाळ बघतो. तिथे हवाच इतकी कोरडी की बुरशीला जगायची मारामार, आणि फवारणीचं वेळापत्रक ऐकून आमच्या थोरल्या भावाला रडू आलं असतं. पाणी द्यायचं ते डोंगरावरच्या बर्फाचं, पाटाने किंवा ठिबकने, आपल्या मर्जीने. बऱ्याच जुन्या बागा तर कलमाशिवाय, वेलीच्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, कारण रेताड जमिनीत फिलॉक्सेराचं, म्हणजे वेलीची मुळं खाणाऱ्या किडीचं, फारसं फावत नाही. आपल्याकडे क्षार आणि पाण्याची ओढ यांच्यामुळे डॉगरिजच्या खुंटाशिवाय लागवडीची भाषाच कोणी करत नाही. अर्थात त्यांचं सगळंच गोड आहे असं नाही. मेंदोसा भागात गारपीट अशी की ओळीच्या ओळी काळ्या जाळ्यांत गुंडाळलेल्या दिसतात, आणि उकोत वसंतातलं दहीवर कोवळे फुटवे जाळून टाकतं.

आता फरकाचं. उकोतल्या बागा साधारण ९०० ते १५०० मीटरवर, ३३ अंश दक्षिणेला. काफायाते १७०० मीटरवर, पण २६ अंशांवर, म्हणजे विषुववृत्ताच्या बरंच जवळ. जितकं उष्ण कटिबंधाकडे सरकाल तितकं थंडाव्यासाठी वर चढावं लागतं, असा तो सरळ हिशोब आहे. काफायातेहून आणखी वर कोलोमे या बोदेगावाल्यांची एक बाग ३१११ मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर ऊन अंगाला नुसतं लागत नाही, टोचतं. द्राक्षालाही टोचत असावं, म्हणून ते साल जाड करून घेतं, आणि रंग व बराचसा तुरटपणा त्या सालीतच असतो. रात्री पारा धाडकन खाली येतो, त्यामुळे फळातला आंबटपणा टिकतो.

आपल्याला इथे नुसत्या मालबेकशी, म्हणजे अर्जेंटिनाच्या लाडक्या काळ्या द्राक्षाशी, कर्तव्य नाही, प्रश्न ब्लेंडचा, म्हणजे दोन-तीन जातींच्या मिश्रणाचा आहे. त्याला तिथे ‘कोर्ते’ म्हणतात. (बाटलीवर नुसतं ‘मालबेक’ लिहिलेलं असलं तरी कायद्याने ८५ टक्के मालबेक पुरतो, बाकीचं दुसरं काहीही असू शकतं. तेव्हा अर्ध्या बाटल्या न सांगता कोर्तेच असतात असं मी गमतीने म्हणतो.) उकोचा सध्याचा लाडका जोड म्हणजे मालबेक आणि काबर्ने फ्राँ. उकोतल्या ग्वालतायारीकडे जमीन खणली की गोट्यांवर चुन्याचा पांढरा लेप दिसतो. वाइनमध्ये तो चुना खरोखर उतरतो की नाही यावर जाणकार भांडोत बापडे, माझ्या जिभेला मात्र पाटीवरून ओला खडू फिरवल्यासारखं काहीतरी जाणवलं. ताठ कण्याची, नेटकी वाइन. दौऱ्यातला सर्वांत चांगला एकच ग्लास निवडायचा झाला तर तो मी उकोतच प्यायलो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

काफायातेचा कोर्ते वेगळ्या घरचा. मालबेकला काबर्ने सोव्हिन्योंची जोड, आणि बऱ्याचदा तानात या द्राक्षाची. तानात म्हणजे जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी जडावते, तसं. रंग काळपट, अल्कोहोल सहज साडेचौदा-पंधरा टक्के, आणि वासात लाल मिरचीची भुकटी. हा वास मला आधी कल्पनेचा खेळ वाटला होता. मग साल्ता प्रांतातल्याच काची गावाकडे गेलो तर उघड्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, शेताच्या शेत तांबडं. तिथून परत आल्यावर तोच वास ग्लासात जरा जास्तच यायला लागला. मनाचेच खेळ असतील. पण ही वाइन दुपारच्या उन्हात प्यायलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

गंमत म्हणजे दोन्ही खोऱ्यांत एकाच माणसाचा हात फिरलेला आहे. बोर्दोचा वाइन-सल्लागार मिशेल रोलाँ १९८८ साली अर्जेंटिनात आला तो तिथल्या वाइनवाल्या एत्चार्त कुटुंबाच्या बोलावण्यावरून, काफायातेलाच. पुढे सुमारे दोन हजार मीटरवरच्या याकोचुयामध्ये त्यांची भागीदारी झाली. याकोचुया म्हणजे केचुआ भाषेत स्वच्छ पाणी, आणि वाळवंटात जागेला नाव द्यायचं तर ते हेच. उकोतला ‘क्लोस दे लोस सिएते’ हा बागांचा प्रकल्प त्याने नंतर, १९९८ मध्ये उभा केला.

एवढ्यावर निवड होत नाही. माझी झाली ती एका फाटकावर.

उकोत चालत कुठेही जाता येत नाही. एका बोदेगापासून दुसरा वीस-पंचवीस किलोमीटर, गाडी स्वतः चालवायची तर पिणार कशी, म्हणून दिवसाच्या भाड्याने रेमीस, म्हणजे ड्रायव्हरसकट गाडी. प्रत्येक ठिकाणी आगाऊ नोंदणी, तीही वेळेसकट. आमची अकराची होती. आधीच्या ठिकाणी गप्पांत वेळ गेला, शेवटचे चार किलोमीटर खडीचे, आणि आम्ही अकरा पंचवीसला फाटकाशी पोचलो. पहारेकऱ्याने यादी पाहिली, वॉकीटॉकीवर आत विचारलं, आम्ही उन्हात उभे. आतून निरोप आला की गट पुढे गेला आहे, मागून या, पण तुमची वरच्या श्रेणीची चव आता होणार नाही, साध्या श्रेणीत बसा. साध्या श्रेणीत चार मालबेक होत्या, चार वेगवेगळ्या तुकड्यांवरच्या, आणि समोर त्या-त्या जमिनीचे दगड मांडलेले. दगड मी मन लावून पाहिले. कोर्ते मात्र वरच्या श्रेणीत. तो मागे फळीवर दिव्याखाली ठेवला होता. पैसे देतो, एक ग्लास द्या म्हटलं, तर उघडत नाही म्हणाले. बाटली विकत घ्या. घेतली, न चाखताच. बाहेर आलो तर रेमीसवाला सावलीत मस्त झोपलेला. त्याचं बरं होतं, त्याची घड्याळाप्रमाणे कमाई सुरू होती.

उशीर आमचाच होता, मान्य. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वेळेवर गेलो तर सगळं देखणं झालं आणि तो सर्वांत चांगला ग्लासही तिथेच मिळाला. पण तिथेही कोर्तेसाठी वरच्याच श्रेणीचे पैसे भरावे लागले, त्यामुळे हा त्या खोऱ्याचा शिरस्ता असावा असा माझा समज झाला. ज्याला ब्लेंडच प्यायचा आहे त्याने प्रत्येक दारात सर्वांत महाग पाटावर बसायचं, हे काही दिवसांनी खटकायला लागतं.

काफायातेला सकाळी नाश्ता करून चौकातून चालत निघालो. दहा मिनिटांत पहिला बोदेगा. अंगणात एकजण पाइपने पिंप धूत होता. त्याने पाणी बंद केलं, हात पुसले आणि ग्लास आणले. यादी नाही, नाव नाही. पहिला ओतला तोच कोर्ते, कारण त्यांच्याकडे ती रोजची वाइन होती. मागे बाग बघायला गेलो तर पार्राल, म्हणजे चक्क आपला मंडप! डोक्यावर वेल, खाली सावली, घड लोंबताहेत. उकोत सगळं तारेवर उभं, शिस्तीत. इथे मी वाकून शिरलो आणि दोन मिनिटं कोणाशी बोललोच नाही. आता हे काही वाइनचं मोजमाप नव्हे, मला कळतं.

काफायातेचे तोटेही आहेत. साल्ताहून १९० किलोमीटर, घाटवळणाचा रस्ता. लाल कड्यांची दरी इतकी सुंदर आहे की तक्रार करवत नाही, पण पोट नाजूक असेल तर लिंबू जवळ ठेवा. दुपारी गाव कडीकुलपात जातं आणि बोदेगाही झोपतात, तेव्हा सकाळ वाया घालवू नका. काही वाइन अंमळ जास्तच पिकलेल्या, मुरंब्याकडे झुकणाऱ्या. खाण्याचा थाटमाट उकोसारखा नाही. माझी बायको शाकाहारी, तिचा अनुभव मात्र उलटा: उकोत पाच पदार्थांच्या जेवणात तिच्या ताटात तीनदा भोपळा आला, काफायातेत उमीता मिळाली, मक्याच्या पानात बांधून उकडलेला मका आणि चीज. तिने ती चार दिवस सलग खाल्ली.

तुम्ही लग्नाच्या वाढदिवसाला चालला असाल, इमारती, लांबलचक जेवणं आणि नावाजलेल्या बागा बघायच्या असतील, गाडी ठरलेली असेल आणि तुम्ही वेळ पाळणारे असाल, तर उकोला जा. मी अडवणार नाही. वाइन म्हणून ते खोरं कदाचित एक पायरी वरच आहे. फक्त मार्चचा पहिला आठवडा टाळा, मेंदोसात वेंदिमियाच्या, म्हणजे द्राक्षतोडणीच्या, उत्सवाची गर्दी असते.

परत येताना माणशी दोन लिटरची सूट, आणि बायको पीत नसल्याने तिचाही कोटा माझाच. पाच बाटल्या बसल्या: दोन उकोच्या, तीन काफायातेच्या. काफायातेची पहिली आल्या-आल्या रविवारी मटणाबरोबर गेली, बाकीच्या दोन दिवाळीपर्यंतही टिकल्या नाहीत. उकोच्या दोन्ही कपाटात आहेत, त्यातली एक ती न चाखता घेतलेली. काहीतरी निमित्त हवं म्हणून थांबलोय. मेहुणा एप्रिलमध्ये शेजारच्या ब्राझीलला, साओ पाउलोला चाललाय, त्याला तानातवाला कोर्ते बघायला सांगितलंय.