चाऊ डॉकची बोट: सायकलवाल्यांनो, तिकीट काढण्याआधी हे वाचा

डिसेंबर 2019. मी आणि माझा मावसभाऊ व्हिएतनाममधल्या सायगावहून सायकलवर निघालो होतो. मी थो, बेन त्रे, सा डेक करत व्हिएतनामच्या टोकाला चाऊ डॉकला पोचलो. इथून मेकाँगवरून बोटीनं थेट कंबोडियात, नॉम पेन्हला जाता येतं. नदीतून देशाची हद्द ओलांडायची, या कल्पनेनंच आम्ही अर्धे फसलो होतो.

हॉटेलशेजारच्या एजंटानं फोटो दाखवला: पांढरी स्पीडबोट, टपावर बांधलेल्या सायकली. पाच तासांत नॉम पेन्ह. माणशी 8 लाख डोंग, सायकलसकट. लाखांत मोजताना छाती दडपते, पण तेव्हाच्या भावानं ते साधारण 2,400 रुपये. तिकिटावर 'चाऊ डॉक – नॉम पेन्ह' एवढंच लिहिलेलं. बोटीचं नाव नाही, सायकलचा उल्लेख नाही. मी विचारलं, तर तो नुसता हसला. तिथंच उठायला हवं होतं.

सकाळी धक्क्यावर आली ती लाकडी, धुरकट बोट. "मोठी बोट पुढे," असं सांगून सायकली चढवल्या. जलपर्णीतून वाट काढत विन्ह शुआँगला पोचलो, व्हिएतनामचा शिक्का झाला. मग बोटीवरच्या पोरानं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि व्हिसाचे माणशी 40 डॉलर मागितले. पलीकडे काम समनोरच्या चौकीत फलक होता: टूरिस्ट व्हिसा 30 डॉलर. मी फलकाकडे बोट दाखवलं, तर पोरगा म्हणाला, "सर्व्हिस." पासपोर्ट त्याच्या हातात, सायकल त्याच्या बोटीत, भांडणार कशाच्या जोरावर? वर, कोपरा किंचित फाटलेली माझी 20 ची नोट त्यानं परत केली. हे मात्र त्याचं एकट्याचं नव्हे. कंबोडियात फाटकी डॉलरची नोट कुणीच घेत नाही, त्यामुळे कोऱ्या नोटा आणि त्याही सुट्ट्या न्या. फोटो आणि अर्ज तयार ठेवून खिडकीशी स्वतः उभं राहिलं असतं, तर 10 डॉलर वाचले असते.

मोठी बोट आलीच नाही. निअक लुआंगला, 2015 साली झालेल्या मेकाँगवरच्या भल्यामोठ्या पुलाजवळ, आम्हाला उतरवलं आणि मिनीबसकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर म्हणाला, सायकलचे 15 डॉलर वेगळे, प्रत्येकी. भाऊ तापला. तो सांगलीचा, आवाज तसाही मोठा. पण मराठीतल्या शिव्यांचा तिथं काय उपयोग! शेवटी पॅनिअर, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशव्या, लावले आणि सायकलवर बसलो. नॉम पेन्ह साधारण 60 किलोमीटर, रस्ता सपाट. उसाचा रस पीत, अंगावर येणारे ट्रक चुकवत, अंधार पडल्यावर पोचलो. म्हणजे जे अंतर सायकलनं फुकट कापता येत होतं, त्याचे पैसे आम्ही आधीच भरून बसलो होतो.

बोटीची हौस नसेल तर चाऊ डॉकहून तिन्ह बिएनची सीमाचौकी सायकलनं दोन तासांवर आहे, तिथून रस्त्यानं कंबोडियात जाता येतं. हौस असेलच, तर एजंट टाळा, धक्क्यावर जाऊन बोट डोळ्यांनी बघा आणि 'शेवटपर्यंत बोट, सायकलसह' असं तिकिटावर लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी नॉम पेन्हच्या सिसोवाथ घाटावर चहा शोधत होतो. समोर एक पांढरी स्पीडबोट लागली, टपावर दोन सायकली. एजंटाच्या फोटोतली बोट हीच.