सागवानी कपाट पॉलिशला दिलं, परत आलं प्लायवूड

लिहू की नको करत होते, पण परवा शेजारच्या काकू त्यांचा जुना झोपाळा पॉलिशला द्यायचं म्हणाल्या आणि त्यांच्या मोबाईलमध्ये आम्हाला फसवणाऱ्या पॉलिशवाल्याचाच नंबर दिसला, म्हणून लिहितेय.

२०१९ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. आजेसासूबाईंचं सागवानी कपाट तीन-चार दिवस त्या पाण्यात उभं होतं. पाणी उतरल्यावर चिखल धुतला, सावलीत वाळवलं, पण खालचे दोन खण अडकून बसले, सांधे सुटले आणि पॉलिशवर पांढरट डाग उठले. मग ते तसंच मागच्या खोलीत पडून राहिलं. गेल्या वर्षी म्हटलं, गणपतीच्या आधी करूनच घेऊ.

त्या पॉलिशवाल्याचा नंबर नातेवाइकांच्या ग्रुपवर मिळाला होता. माणूस आला, बोलायला एकदम गोड. कपाटावर टकटक केलं, खालच्या फळीत स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो गेला आत. "ताई, लाकूड कुजलंय, दोन्ही खण आणि ही फळी बदलायला लागणार, वर्कशॉपलाच न्यायला लागेल." आता कळतंय की जिथे सांधा आधीच सुटलेला होता तिथेच त्याने खुपसला होता, मग आत जाणारच ना! जुनं फर्निचर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने जोडलेलं असायचं, सरस पाण्यात विरघळतो, म्हणून सांधे सुटतात, त्याचा अर्थ लाकूड कुजलं असा होत नाही. पांढरे डाग पण बहुतेक वेळा लाखेच्या पॉलिशमध्ये ओल शिरल्याने येतात. हे सगळं मला नंतर एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी सांगितलं, तेव्हा काय उपयोग.

१६,००० ठरले. ९,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले, नाव दुसऱ्याचंच आलं, "मेव्हण्याचं अकाउंट आहे" म्हणाला. बिल मागायचं सुचलंच नाही. टेम्पोत घालताना एक फोटो काढला तो पण समोरून, खणांच्या आतला एकही नाही, ही माझी सगळ्यात मोठी चूक.

वीस दिवसांचे दोन महिने झाले. पावसात पॉलिश पांढरं पडतं म्हणून थांबलोय म्हणायचा, आणि ते खरं पण असतं, त्यामुळे मी गप्प. मध्येच व्हॉट्सॲपवर "लाकूड महाग झालंय, ५,००० वाढतील", मी "ठीक आहे करा" लिहून मोकळी. शेवटी गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी रात्री नऊला कपाट आलं. गडद चॉकलेटी रंग, चकचकीत, आम्ही सगळे खूश, उरलेले पैसे तिथल्या तिथे दिले.

सकाळी सासूबाईंनी वरचा खण उघडला आणि म्हणाल्या, "स्वस्तिक कुठंय गं?"

त्या खणाच्या तळाला दरवर्षी लक्ष्मीपूजनाला कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, आजेसासूबाईंपासून. कुंकू लाकडात इतकं मुरलेलं की पुराच्या पाण्यानेही गेलं नव्हतं. आणि वरचा खण तर बदलायचा ठरलाच नव्हता! फोन केला तर म्हणे "घासताना गेलं असेल". मग मी खण पूर्ण बाहेर काढला, उचलताच हलका लागला. आधीच्या खणाला कोपऱ्यात बोटांत बोटं अडकवल्यासारखा सांधा होता, एक खिळा नव्हता, इथे बारीक खिळे मारलेले. आतून तेलरंग. मागच्या कडेला नाण्याने खरवडलं तर खाली पापुद्रे, सरळ प्लायवूड. फ्रिजवरचं मॅग्नेट आणून कड्यांना लावलं, चटकन चिकटलं. पितळेला मॅग्नेट चिकटत नाही. म्हणजे जुन्या पितळी कड्या पण गेल्या. फ्रेंच पॉलिशचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे पैसे घेतलेले, सुतारकाकांनी कापसावर स्पिरिट घेऊन घासलं तर ढिम्म हललं नाही, लाखेचं असतं तर रंग कापसावर उतरला असता.

जुनं लाकूड परत दे म्हटलं तर, "कुजकं लाकूड कोण ठेवतंय, बंबात घातलं." आणि वर, "तुम्हीच मेसेजमध्ये ठीक आहे म्हणालात की."

तर देणार असाल तर शक्यतो काम घरीच करून घ्या, सुतारकाका म्हणाले हे सगळं आमच्या पडवीत आठवड्यात झालं असतं. न्यायचंच असेल तर प्रत्येक खण बाहेर काढून आतून, खालून, सांध्यांचे फोटो काढा, कड्या-कुलपं स्वतः काढून घरी ठेवा, बदललेलं लाकूड परत पाहिजे हे आधीच लिहून घ्या आणि ताबा दिवसाउजेडीच घ्या. गडद रंग सुचवला तर जरा थांबा, त्याखाली काहीही लपतं.

१९१५ या नंबरवर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण बिल नसल्याने सगळी भिस्त यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर आणि त्या एका "ठीक आहे" वर.

दिवाळीत सासूबाईंनी नव्या खणात स्वस्तिक काढलं. तेलरंगावर कुंकू धरत नाही, दुसऱ्या दिवशी फडकं फिरवलं तर सगळं फडक्यावर आलं.