उन्हाळी डाऊन स्लीपिंग बॅग: पिसं झकास, चेन भिकार

डाऊन म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं भरलेली बॅग: ८०० फिल पॉवर (पिसं किती फुलतात त्याचं माप), साडेसहाशे ग्रॅमच्या आत वजन, कम्फर्ट तापमान पाच अंश, लिमिट शून्य (हे दोन आकडे काय ते पुढे येईल). हे सगळं कंपनी स्वतःच ओरडून सांगते, त्यामुळे मी त्यात जात नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण या वर्गातल्या बऱ्याच बॅगांची रड एकच. चेनची.

कडाक्याच्या थंडीच्या बॅगेत माणूस एकदा शिरला की चेन गळ्यापर्यंत ओढतो आणि सकाळीच उघडतो. उन्हाळी बॅगेचं तसं नाही. जूनमध्ये हिमाचलातल्या हम्प्टा पासच्या वाटेवर तंबूत शिरल्या शिरल्या उकडतं, मध्यरात्री कुठे बरं वाटायला लागतं आणि पहाटे पाय गारठतात. चेन म्हणजे या बॅगेचा पंख्याचा रेग्युलेटर, रात्रभर कमी-जास्त करत बसायचं. आणि कंपनीने काटकसर केलीय ती नेमकी इथे. साध्या बॅगांना चेनच्या कडेने एक कडक पट्टी शिवलेली असते, कापड दातांत जाऊ नये म्हणून. तिचं वजन असून असून किती असणार, दहा-पंधरा ग्रॅम? ती इथे गायब. वर कापड १० डेनियरचं, म्हणजे अगदी तलम. रनर जरा तिरका झाला की कापड गिळलंच म्हणून समजा.

त्याच वाटेवर बालू का घेऱ्याच्या मुक्कामात रात्री लघवीला उठलो तर चेन छातीपाशीच अडकली. तोंडात टॉर्च, एक हात आत, एक बाहेर. शेजारी झोपलेला मित्र वैतागून म्हणाला, "अरे, कुस्ती कुणाशी चाललीय तुझी?" अशा वेळी जोर लावायचा नाही. दातांत गेलेलं कापड बाजूला ताणून धरायचं आणि रनर आला तसा उलटा, हळूहळू मागे न्यायचा. मी सुटलो, पण कापडाला बारीकसं भोक पडलं आणि तिथून एक पीस डोकावायला लागलं. असं पीस बाहेर ओढू नका, त्याच्यामागोमाग दुसरं येतं. मागून चिमटीत धरून आत खेचायचं आणि भोकावर दुरुस्तीची चिकटपट्टी लावायची. माझी पट्टी अजून टिकून आहे.

उबेबद्दल मात्र तक्रार नाही. पास ओलांडून लाहौलच्या बाजूला उतरलं की हिरवळ संपते, हवा कोरडी होते आणि शिया गोरूला नदीकाठी रात्री चांगलीच थंडी वाजते. थर्मल आणि कानटोपी घालून मी मस्त झोपलो. पण लिमिटच्या आकड्यावर जाऊ नका. स्लीपिंग बॅगांच्या आयएसओ २३५३७ या मानकात कम्फर्टचा आकडा म्हणजे सैलसर झोपलेल्या सर्वसाधारण बाईला पुरेल ते तापमान; लिमिटचा आकडा अंग आखडून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषाचा. एक्स्ट्रीम म्हणजे तर फक्त जिवंत राहाल, झोप वगैरे विसरा. दुकानदार कायम लिमिट सांगतो, आपण कम्फर्ट विचारायचा. आणि पाठीखाली दबलेली पिसं काही ऊब देत नाहीत, ते काम मॅटचं. योगाची पातळ मॅट घेऊन यायचं आणि गारठलो म्हणून बॅगेला शिव्या द्यायच्या, असे दोघे आमच्याच गटात होते.

पैशांचं म्हणाल तर बॅग महाग आहेच. मनालीत भाड्याने बॅग मिळते, पण ती दोन किलोच्या आसपास भरते आणि आधीच्या दहा जणांच्या घामाचा वास वर फुकट. ही विमानाच्या सात किलोच्या केबिन सामानात सॅकसकट बसते, तेव्हा चेक-इनची रांग टळते. आतून मळू नये म्हणून आईच्या जुन्या सुती साडीचा लायनर शिवून घेतलाय. त्याचं वजन बॅगेच्या जवळजवळ निम्मं! बायको म्हणाली, एवढे पैसे मोजून जे वजन कमी केलंस ते साडीने परत आणलं. खरंय, पण डाऊन धुण्याची कटकट ज्याने केलीय त्याला हे पटेल. खास साबण, टबात हलक्या हाताने दाबत धुणं, पिळायचं नाही, मग दोन-तीन दिवस सावलीत वाळवत आतल्या गुठळ्या बोटांनी फोडत बसायचं.

परत आल्यावर काही महिन्यांतच चेनने मान टाकली. रनर वरपर्यंत जायचा, पण मागे दात उघडेच. सर्व्हिस सेंटरने आधी फोटो मागवले, मग व्हिडिओ, मग बिल, मग तोच फोटो पुन्हा. शेवटी उत्तर आलं, "चेन ही झिजणारी वस्तू असल्याने वॉरंटीत येत नाही." पैसे देऊन दुरुस्ती हवी असेल तर कुरियर माझ्याच खर्चाने, वेळ सांगता येत नाही. चाकाचा टायर झिजतो हे मान्य, पण काही महिन्यांत? फोनवरच्या बाईंना हेच विचारलं तर त्यांनी मला तक्रार क्रमांक दिला.

(इथपर्यंत संतापात लिहून ठेवलं होतं. पुढचं नंतर लिहितोय.)

रविवार पेठेत बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. मला भीती एकच, सुई पिसांत जाईल. त्यांनी चेनवरून नखाने रेघ ओढली, दात मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाले, "साहेब, चेन चांगली आहे. रनर मेलाय." शेवटाचे चार टाके उसवले, जुना रनर काढला, त्याच्या मागचा आकडा वाचून डब्यातून तसलाच तीन नंबरचा शोधला, ओवला, टाके परत घातले. पिसांच्या जवळपासही सुई गेली नाही. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ आणि चाळीस रुपये! जुना रनर पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर आणखी थोडे दिवस चालतो, हेही त्यांनीच दाखवलं. डोंगरात अडलात तर हे लक्षात असू द्या. मी आता एक जादा रनर सॅकच्या कप्प्यात ठेवतो.

तर राग ओसरलाय, बॅग विकायचा विचार सोडला. तरी सह्याद्रीसाठी म्हणून ही घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये गडावर चादर पुरते, पावसाळ्यात भिजलेलं डाऊन पार बसतं आणि ऊब जाते. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर चेन पूर्ण उघडून पांघरायला छान. एरवी ती घरी मोठ्या जाळीच्या पिशवीत मोकळी ठेवावी लागते आणि अर्धं कपाट खाते. दाबून ठेवली तर पिसं फुलायची कमी होतात, त्यामुळे कपाटावरून घरात वाद चालू आहे.

घ्यायचीच असेल तर दुकानात बॅगेत आडवे व्हा, डोळे मिटा आणि एका हाताने चेन आतून वर-खाली करून बघा. दोन बोटं रनरच्या मागे घालून कापड बाजूला ठेवावं लागत असेल तर शंभर ग्रॅम जास्तीची, पट्टी असलेली बॅग मागा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.