पट्टा आठ हजार दाखवायचा, आबा चारच हजार चालायचे

आबांची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या: गोळ्या वेळेवर घ्या आणि रोज पाऊण तास चाला. आबा 68 वर्षांचे, सगळी नोकरी हिशेब लिहिण्यात गेलेली. नुसतं चालून त्यांचं समाधान होईना, किती चाललो ते कळायला हवं होतं. म्हणून मी फोनवर पावलं मोजायचा पट्टा शोधला, आणि मग जाहिराती पाठच सोडेनात. एकीत 3,999 चा पट्टा 799 ला होता. पावलं, ठोके, रक्तदाब, सगळं मोजणार. ‘रोज 10,000 पावलं, मधुमेह गायब’. पैसे माल हातात आल्यावर. मी मागवला आणि माझ्याच हाताने आबांच्या मनगटावर बांधला. ते आजही सलतं.

(10,000 हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या एका यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं होतं, तिथून तो जगभर पसरला.)

तीन महिने आबा खुशीत होते. दुपारीच पट्ट्यावर सहा हजार दिसायचे, मग संध्याकाळची फेरी राहून जायची. “आज झालं रे माझं,” म्हणायचे. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 7.4 वरून 8.3 वर गेली. डॉक्टरांनी विचारलं, “काका, चालताय ना नक्की?” आबांनी काही न बोलता मनगट पुढे केलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. खोटं ठरवल्यासारखे ते गप्प बसले होते.

खरं काय ते एका दुपारी कळलं. आंघोळीला जाताना आबांनी पट्टा काढून फळीवर ठेवला, तेव्हा आकडा 2,140 होता. जेवणं आटोपून मी सहज पाहिलं तर 2,615. पट्टा फळीवरच, कुणी हातही लावला नव्हता. मी तो घेऊन गच्चीवर गेलो आणि तोंडाने मोजत 100 पावलं चाललो. पट्ट्यावर 163 वाढली. पुन्हा चाललो, 171. मग स्वयंपाकघरातल्या दुधी भोपळ्याला तो गुंडाळला. भोपळ्याचे ठोके 78, रक्तदाब 122/81.

चांगल्या यंत्रात हिसके ओळखणारी बारीक चिप असते, ती हिसक्यांतून चालण्याची लय शोधते. लय पक्की होईपर्यंत पहिली काही पावलं बरीच यंत्रं धरत नाहीत, म्हणून दहा पावलांवर परीक्षा करू नका, निदान शंभर चाला. हात खिशात असेल तर पावलं गळतात, भांडी घासताना चार-दोन जास्त धरली जातात, आणि म्हातारी माणसं सावकाश चालतात तेव्हाही यंत्र चुकतं. एवढं मी समजून घेईन. जपानच्या मानकात 100 पावलांमागे 3 ची चूक चालते. स्वस्तातल्या वस्तूने 8-10 ची केली तरी माझी तक्रार नाही. पण फळीवर पडल्या पडल्या पावलं वाढवणारी वस्तू यंत्र नव्हे, ती फसवणूक आहे. आणि दंडाला पट्टा न आवळता 799 रुपयांत रक्तदाब मोजून मिळेल, यावर कृपा करून विश्वास ठेवू नका.

विकणाऱ्याचा नंबर बंद. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीसाठी फोन नाही. कायद्याने हे सगळं छापावंच लागतं. ते मी पैसे देण्याआधी पाहायला हवं होतं, अर्ध्या मिनिटाचं काम होतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. सोबतचं अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर आणि मेसेज वाचायची परवानगी मागत होतं, आणि मी ती देऊन बसलो होतो. आबांच्या पेन्शनच्या खात्याचे ओटीपी त्याच फोनवर येतात. अ‍ॅप काढलं, बँकेचा पासवर्ड बदलला, तरी त्या रात्री झोप लागली नाही.

नवीन पट्टा आणू का विचारलं तर आबा नको म्हणाले. आता ते क्रीडा संकुलातल्या 400 मीटरच्या ट्रॅकवर जातात. डाव्या खिशात दहा चिंचोके असतात, एक फेरी झाली की एक चिंचोका उजव्या खिशात. काल घरी आल्यावर त्यांनी उजवा खिसा टेबलावर रिकामा केला. सात होते. “तीन राहिले,” म्हणाले, आणि चहा घेऊन पुन्हा चपला घातल्या.