पंचगंगेसाठी काय बरं: रविवारची घाट सफाई की तालमीचा शब्द?

रविवारी कोल्हापुरात पंचगंगा घाटावर पोरं येतात, हातमोजे घालून निर्माल्य, प्लास्टिक गोळा करतात, ट्रॉली भरते, फोटो पडतात, घाट चकाचक. वाईट काहीच नाही त्यात, नवीन माणसाला नदीजवळ आणायला यापेक्षा सोपं काय? पण कचरा टाकणारा त्या वेळी घरी तांबडा-पांढरा ओरपत बसलेला असतोय. आणि शहरातल्या जयंती नाल्यातनं नदीत येणारं सांडपाणी काय हातमोज्यानं उचलता येत नाही भावा.

आता तालीम, म्हणजे पेठेतला कुस्तीचा आखाडा, आणि गणपतीचं मंडळ पण तिचंच. आपल्याकडं पेठेतला माणूस सरकारी नोटीस बाजूला ठेवंल पण तालमीतल्या मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही. मंडळानं ठरवलं की यंदा मूर्ती शाडूची आणि विसर्जन नदीत नाही तर इराणी खणीत (जुनी पाण्यानं भरलेली खाण), की घरगुती गणपतीवाले पण हळूहळू तिकडंच वळतात, कारण शेजारचा काय करतोय ते बघूनच आपण करतो. पीओपी लवकर विरघळत नाही हे सगळ्यांना माहीत असतंय की, पण नुसत्या माहितीनं सवय जात नाही, चारचौघांत लाज वाटली की जाते. वेळ मात्र लई लागतो, आणि मंडळामंडळात ईर्षा (ती असतेच!) असली की एकाचं दुसऱ्याला पटत नाही.

मी तालमीच्या बाजूनं. नदी पुढं इचलकरंजीवरनं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, म्हणजे आपण सोडलेलं खालच्या लोकांच्या वाट्याला. सफाई पण ठेवा, फक्त त्या दिवशी त्याच गल्लीतली पोरं घाटावर आणा, बाहेरची नकोत.