बाळासाठी ऑस्टिओपॅथी: साडेसहा महिन्यांनंतर

मुलगी पाच आठवड्यांची असताना पहिल्यांदा ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे शरीरावर हात ठेवून उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं, आता ती आठ महिन्यांची आहे. तक्रारी दोन. संध्याकाळ झाली की तीन तास रडणं, आणि मान कायम उजवीकडे. त्या बाजूने डोकं मागून चपटं व्हायला लागलं होतं. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं होतं, ते तुम्हीही दाखवाच. ताप, हिरवी उलटी, दूध पिणं बंद होणं असं काही असेल तर इथे वेळ घालवू नका.

पहिल्या भेटीत वाटलं, ही बाई काही करतच नाही. एक तळवा बाळाच्या कमरेखाली सरकवला, दुसऱ्या हाताची बोटं डोक्यामागे टेकवली आणि गप्प बसून राहिली. ना पिळणं, ना कटकन आवाज. मधेच मी दूध पाजलं, तरी तिचा हात पाठीवर तसाच. नवरा बाहेर पडल्यावर म्हणाला, "एवढंच?"

तिसऱ्या भेटीनंतर रडणं निम्म्यावर आलं. मी भारावले, चार जणींना नंबरही दिला. मग लक्षात आलं की तेव्हा बाळ अकरा आठवड्यांचं होतं. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक ओसरतं. ऑस्टिओपॅथीने ते कमी होतं का, यावरचे अभ्यास छोटे आहेत, आणि बऱ्याचदा रडण्याची नोंद आईवडीलच ठेवतात, ज्यांना उपचार झालाय हे ठाऊक असतं. माझी वहीही तसलीच.

कवटीची हाडं एका लयीत हलतात, ही अमेरिकन ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांची १९३० च्या दशकातली कल्पना तिने समजावली. मी मान डोलावली, पण पटली नाही. त्याला ठोस पुरावा नाहीच.

मानेचं मात्र वेगळं. तिने विचारलं, "पाळण्यात डावीकडे काय आहे?" भिंत! सगळी खोली, दार, आम्ही, उजवीकडे. त्या रात्री पाळण्यात बाळाचं डोकं पायाच्या बाजूला केलं, म्हणजे खोली डावीकडे आली. जागेपणी पालथं ठेवणं, हाक मुद्दाम डावीकडून मारणं, हेही तिनेच शिकवलं. झोपवायचं मात्र पाठीवरच, उशी नाही. दहा-बारा दिवसांनी पहाटे दार वाजलं आणि बाळाने डावीकडे वळून पाहिलं. फिजिओथेरपिस्टनेही हेच सांगितलं असतं म्हणा.

चपटेपणा आता हात फिरवला तरच जाणवतो. पुढची वेळ मी घेतलेली नाही.