६५ टक्के आकाराचा कीबोर्ड आणि त्यावरची देवनागरी: पावसाळ्यानंतरचा अनुभव

फोंड्यात घरूनच भाषांतर आणि मुद्रितशोधन करत असल्यामुळे टेबलावर मूळ संहितेचे कागद पसरायला जागा हवी होती, आणि कळांवर इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळरचनेची, अक्षरेही हवी होती. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ६५ टक्के आकाराचा, ६८ कळांचा मेकॅनिकल (प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला) कीबोर्ड घेतला आणि त्यावर देवनागरी छापलेल्या कीकॅप, म्हणजे कळांवरच्या टोप्या, बसवून घेतल्या. आकड्यांचा वेगळा गट आणि वरची एफ-कळांची ओळ त्यात नाही. बाणांच्या कळा मात्र आहेत. रुंदी सुमारे ३१ सेंटिमीटर भरते.

मराठीसाठी ही काटछाट कुठे नडते, हे खरेदीआधी तपासण्याजोगे आहे. या आकारात एस्केपची कळ सहसा वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या कळीची जागा घेते. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कोपऱ्यात ऱ्हस्व ओकाराची मात्रा असते आणि ती मराठीला लागत नाही, त्यामुळे काहीच गमावले जात नाही. याउलट ‘डॉक्टर’मधला ॉ बॅकस्लॅशच्या कळीवर असतो, ती कळ या आकारात शाबूत आहे, पण याहून लहान कीबोर्डांत ती हमखास असेलच असे नाही.

कीकॅपविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. प्रत्येक कळीवर रोमन अक्षर, साधे देवनागरी अक्षर आणि शिफ्टसह येणारे अक्षर अशी तीन चिन्हे मावायला हवीत. क आणि ख एकाच कळीवर, ल आणि ळ एकाच कळीवर. यासाठी रुंद माथ्याच्या, सर्व ओळींत सारख्या उंचीच्या एक्सडीए घडणीच्या कॅप घेतल्या. अक्षरे त्यांवर मोकळी बसली, परंतु ओळींना उतार नसल्याने वरच्या ओळीकडे बोटे थोडी जास्त ताणावी लागतात, आणि दिवसभराच्या कामानंतर ते जाणवते. छपाई डाय-सब्लिमेशनची आहे, म्हणजे उष्णतेने शाई प्लास्टिकच्या पृष्ठभागात मुरवलेली. तिच्यात अक्षर कॅपपेक्षा गडदच असावे लागते, म्हणून फिकट राखाडीवर काळे हाच व्यवहार्य पर्याय उरला. छापणाऱ्याने पाठवलेल्या पहिल्या नमुन्यात आकड्यांच्या ओळीतले क्ष, ज्ञ, त्र आणि श्र फुटून, हलन्त आणि पुढचे अक्षर सुटे सुटे आले होते, कारण त्याच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे मजकुराऐवजी अक्षरांची रेखाकृती असलेली, फाइल पाठवल्यावर प्रश्न मिटला. कोकणीसाठी कॅप करवून घेणाऱ्यांनीही हेच करावे.

कॅप पीबीटी प्लास्टिकच्या आहेत. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या कळा वापराने तुकतुकीत होतात, तसे इथे अजून झालेले नाही. मात्र पीबीटी साच्यातून निघून थंड होताना अधिक आकसते, त्यामुळे लांब कॅप वाकण्याचा धोका असतो. माझा स्पेसबार एका टोकाला किंचित उचललेला होता आणि दाबताना खडखडत होता. शेवटी एबीएसचा लावला. उजवी शिफ्टही पाहून घ्यावी: ६५ टक्क्यांत ती सहसा १.७५ युनिटची (एक युनिट म्हणजे साध्या अक्षराच्या कळीची रुंदी) असते, आणि १०४ कळांच्या पूर्ण कीबोर्डसाठीच्या साध्या संचात त्या मापाची शिफ्ट नसते.

अॅल्युमिनियमची पेटी जड आणि स्थिर आहे, टंकताना टेबलावर सरकत नाही. पण आपल्याकडच्या दमट हवेत पेटीखालच्या स्क्रूंवर गंजाचे ठिपके आले, आणि या किमतीत स्टेनलेस स्क्रू न देणे मला अक्षम्य वाटते. लांब कळांना आतून आधार देणाऱ्या स्टॅबिलायझरच्या तारांना ग्रीस असल्यामुळे त्या सुरक्षित राहिल्या. ऐन श्रावणात र ची कळ एका दाबात दोनदा उमटू लागली होती. स्विच सॉकेटमध्ये बसणारे असल्याने सोल्डरिंग न करता तो बदलता आला. नवा स्विच सरळ रेषेत दाबावा, नाहीतर त्याची पिन वाकते.

एक बारीक गोष्ट ऑर्डर देतानाच विचारावी. छपाईसाठी मिळणाऱ्या कोऱ्या संचांत एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे पुष्कळदा नसतात, आणि इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ि आणि र असतात. न बघता टंकणाऱ्याला त्यांच्यावाचून बोटे ठेवायची जागा सापडत नाही. या दोन कॅप उंचवट्यासह वेगळ्या मागवता येतात.